सिम नसलेले फोन

मोबाईल गेमची चाचणी जिथे चालते तिथे टेबलावर फोन ओळीने मांडलेले असतात. महागातले, स्वस्तातले, चार वर्षांपूर्वीचे, नुकतेच बाजारात आलेले. प्रत्येकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी, प्रत्येकाला कायमचा चार्जर, आणि सगळे ऑफिसच्या वायफायवर. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी टेस्टर होतो तिथल्या बहुतेक फोनांत सिमकार्ड नव्हतं. गेम चालायला सिम लागत नाही, आणि एवढ्या सिमांची रिचार्जं सांभाळणार कोण?

माझ्या गावात, भूममध्ये, पोरं ज्या फोनवर गेम खेळतात तो फोन त्यांचा नसतो. तो वडिलांचा असतो, नाहीतर आईचा. त्यावर डेअरीवरून फोन येतो, खव्याच्या व्यापाऱ्याचा येतो, बचत गटातल्या ताईंचा येतो, बार्शीच्या आडतीवरून येतो. पडद्यावरचा गेम मधेच बाजूला होतो, बोलणं संपतं, आणि पोरगं पुन्हा गेम उघडून बसतं.

टेस्टरची नोकरी लागली तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं, याला दिवसभर खेळायचा पगार मिळतो. प्रत्यक्षात सुरुवातीचे कित्येक आठवडे मी भिंतींना धडकत होतो. गेममधल्या प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक भिंतीला पात्र घासत न्यायचं, कोपऱ्यात उडी मारायची, तिरकं पळवायचं आणि कुठे ते आरपार निसटतं का ते पाहायचं. सकाळी नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, आला की आधी स्मोक टेस्ट, म्हणजे गेम निदान सुरू होतो का, पहिल्या पडद्याच्या पुढे सरकतो का एवढंच बघायचं. मग रिग्रेशन: काल दुरुस्त केलेला बग खरंच गेला का, आणि तो घालवताना दुसरं काही मोडलं का.

बग सापडला म्हणजे अर्धंच काम झालं. उरलेलं काम तो लिहिण्याचं. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, बिल्डचा नंबर, काय काय केलं ते एकाखाली एक, काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वेळा करून पाहिलं आणि त्यातल्या किती वेळा घडलं. सोबत व्हिडिओ आणि लॉग. नुसतं ‘गेम हँग होतो’ असं लिहिलेली तक्रार आमचा लीड परत पाठवायचा. मराठी माध्यमातून गेलेल्या मला इंग्रजीचा धाक होता, पण या लिखाणाला अलंकार लागत नव्हते, क्रम लागत होता. कुठलाही अनोळखी माणूस ते वाचून तसंच्या तसं करू शकला आणि त्यालाही तोच दोष दिसला, की लिहिलेलं बरोबर. इतकी स्वच्छ कसोटी मी दुसऱ्या कुठल्या लेखनाला लावलेली पाहिली नाही.

लिहिलेला प्रत्येक बग शेवटी कुठल्या तरी शिक्क्याने बंद व्हायचा. फिक्स्ड. ड्युप्लिकेट. कॅन नॉट रिप्रोड्यूस, म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही. वोंट फिक्स. आणि सगळ्यांत जड वाटायचा तो नोन शिपेबल: दोष आहे हे मान्य, तरी गेम याच अवस्थेत बाजारात जाणार. सुरुवातीला त्याचा फार संताप यायचा. पुढे बैठकांना बसायला मिळालं तेव्हा दुसरी बाजू दिसली. बाजारात येण्याची तारीख गेम बनवणारे ठरवत नाहीत, पैसा लावणारे ठरवतात. एक दोष काढताना तीन नवे शिरतात. एका बटणाची जागा बदलली म्हणून अख्ख्या गेमचा आवाज बंद पडलेला मी पाहिला आहे. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागलेले, घरी लेकरू तापाने फणफणत असताना रात्री दोनला बिल्ड काढणारे प्रोग्रॅमर मी पाहिले आहेत. त्यामुळे ‘डेव्हलपर झोपा काढतात’ असं कुणी म्हटलं की मला ते मनापासून खटकतं.

पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. प्रत्येक बगला उत्तर मिळायचं. नकार असला तरी त्याखाली कारणाची एक ओळ असायची, लिहिणाऱ्याचं नाव असायचं, तारीख असायची. ‘जमणार नाही’ हे वाचून मी कधी निराश होऊन घरी गेलो नाही. कुणीतरी वाचलं, विचार केला आणि ठरवलं, एवढं त्यातून कळायचं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रोजेक्ट थांबला, करार संपला आणि मी भूमला परत आलो. स्टँडच्या बाजूला एक गाळा घेतला: मोबाईल दुरुस्ती, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. आमच्या तालुक्याची ओळख खव्याची. बालाघाटच्या या माथ्यावर पावसाचा भरवसा नाही, त्यामुळे कितीतरी घरं शेतीपेक्षा दुभत्या जनावरांवर चालतात. गावोगाव भट्ट्या आहेत, आणि आटवलेलं दूध खवा होऊन बाहेरच्या शहरांत जातं. भट्टीवर कामाला जाणारी पोरं, कॉलेजची पोरं, शाळा ऑनलाइन झाली म्हणून पहिल्यांदा हातात फोन आलेली पोरं, सगळी माझ्या गाळ्यात येऊ लागली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्र सरकारने पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. पोरं दुसरे गेम शोधू लागली. तीन जीबी रॅमच्या फोनवर जेमतेम चालतील असे गेम.

त्यातला एक ट्रॅक्टरचा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे सांगतो तो दोष त्या एकट्याचा नाही. ट्रॉली जोडायची, ऊस भरायचा, खड्ड्याखळग्यांतून कारखान्यावर पोचवायचा, मिळालेल्या पैशांतून मोठा ट्रॅक्टर घ्यायचा. ज्यांच्या घरी ना ऊस ना ट्रॅक्टर, अशी पोरं त्यात सगळ्यांत जास्त रमायची.

भट्टीवर जाणारा दहावीतला एक पोरगा एका संध्याकाळी फोन घेऊन आला. “दादा, समदं गेलं. पयल्यापसनं चालू झाली.” पडद्यावर सर्वांत लहान ट्रॅक्टर उभा होता आणि खिसा रिकामा. मे महिन्याची सुट्टी त्याने त्यात घातली होती. स्वतःच्या मजुरीतून थोडे पैसेही भरले होते, एका लाल ट्रॅक्टरसाठी. तो रडला नाही. फोन माझ्यापुढे ठेवून नुसता उभा राहिला.

मी त्याला तेच विचारलं जे मला लीड विचारायचा. गेम शेवटचा बंद झाला तेव्हा नेमकं काय चाललं होतं? त्याला सगळं आठवत होतं. कारखान्यावर ट्रॉली खाली केली, नोंद साठवतानाचं ते गोल चक्र फिरायला लागलं, तेवढ्यात पप्पांच्या फोनवर व्यापाऱ्याचा कॉल आला. बोलणं झाल्यावर पप्पांनी व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो पाहिला आणि फोन परत दिला. दुसऱ्या दोघा-तिघांना विचारलं तर त्यांचंही असंच, फक्त कॉल करणारं माणूस निराळं.

मग गाळ्यातच चाचणी मांडली. दुरुस्तीला आलेले जुने फोन होतेच, माझे स्वतःचे काही होते. एकाने ट्रॅक्टर चालवायचा, दुसऱ्याने बोट कॉलच्या बटणावर ठेवून बसायचं, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. ट्रॉली खाली होण्याआधी कॉल लागला तर काही होत नव्हतं. चक्र थांबल्यावर लागला तरी काही होत नव्हतं. नेमकं चक्र फिरत असताना लागला आणि मधे एखादा फोटो उघडला, की सगळं साफ. चार जीबीच्या फोनवर क्वचित, तीन जीबीच्या फोनवर हमखास. पुण्यात एसी खोलीत बसून जे काम आम्ही करायचो तेच काम ही पोरं करत होती, आणि कुणीही कंटाळत नव्हतं. लिहून घेणाऱ्याने तर स्वतःहून बॅटरी किती टक्के होती तेही टिपलं होतं.

आत काय घडत असावं याचा अंदाज टेस्टरला येतो. कॉल आला की अँड्रॉइड गेमला मागे सारतं. स्वस्त फोनात मेमरी थोडी, त्यामुळे समोर दुसरं काही उघडलं की मागचा कार्यक्रम बंद करून जागा मोकळी केली जाते. गेम त्याच क्षणी जुन्या नोंदीवरच नवी नोंद लिहीत असेल तर जुनी पुसलेली असते आणि नवी अर्धवट राहते. पुढच्या वेळी गेमला ती फाईल वाचता येत नाही. खेळाडू नवा आहे असं समजून गेम पहिल्यापासून सुरुवात करतो. याचा उपाय जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला आहे. नवी नोंद वेगळ्या फाईलमध्ये लिहायची, पूर्ण झाली की मगच ती जुनीच्या जागी आणायची. आडतीवरचे मुनीम कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवायचे, आणि पक्कं लिहून होईपर्यंत कच्ची फाडायचे नाहीत, तसंच हे.

कॉल, अलार्म, बॅटरी उतरल्याची सूचना, असे अडथळे आणून पाहण्याला इंटरप्ट टेस्टिंग म्हणतात. चाचणीच्या यादीत ते असतं. वेळ कमी पडला की हाच भाग मागे पडतो, आणि सिम नसलेल्या फोनवर कॉल येणार तरी कुठून?

मी तक्रार लिहिली. पुण्यात शिकलो होतो तशी: मॉडेल, आवृत्ती, क्रम, व्हिडिओ. कारणाचा अंदाज आणि उपायही खाली जोडला. पत्र जाताक्षणी उत्तर आलं, म्हणजे ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, इंटरनेट तपासा, गेम काढून पुन्हा टाका. ज्याची नोंद फोनमध्येच साठते असा गेम काढून टाकला तर उरलीसुरली नोंदही जाते. मदत म्हणून दिलेला सल्लाच नुकसान करणारा होता, आणि तो किती जणांनी ऐकला असेल, या विचाराने मी अस्वस्थ झालो.

त्यानंतर काहीच नाही. प्ले स्टोअरवर लिहिलं. तिथे प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यायला डेव्हलपरला ३५० अक्षरं मिळतात. पाच तारे देणाऱ्यांचे त्या गेमवाल्यांनी आभार मानले होते, एक तारा देणाऱ्यांखाली एकच ईमेल पत्ता पुन्हा पुन्हा चिकटवलेला होता, ज्या पत्त्यावर आम्ही आधीच लिहून बसलो होतो. नवी आवृत्ती आली. ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढंच लिहिलेलं. आम्ही फोन काढले, कॉल लावला. दोष जागच्या जागी होता. नवा होता तो पैसे देऊन घ्यायचा सोनेरी ट्रॅक्टर.

यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त सलते, आणि ती बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. गूगल प्रत्येक डेव्हलपरला त्याच्या गेमच्या प्रकृतीचे आकडे दाखवतं. रोज वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांचा गेम डोळ्यांदेखत क्रॅश झाला, किंवा ०.४७ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांचा गोठला, म्हणजे पाच सेकंद बोट लावूनही हलला नाही, तर तो गेम स्टोअरमध्ये मागे पडू शकतो. एकाच मॉडेलच्या फोनपुरती ही मर्यादा ८ टक्के आहे. डेव्हलपर हे आकडे रोज बघतात, बघायलाच लागतात. आमचा दोष मात्र या मोजणीत येतच नाही. गेम क्रॅश झालेला नसतो, गोठलेलाही नसतो. मागे गेलेल्या गेमला सिस्टीमने बंद केलेलं असतं, आणि ती नेहमीची बाब धरली जाते. त्यामुळे पलीकडे सगळे आकडे ठीक दिसत असणार. असा दोष फक्त एकाच वाटेने कळू शकतो, माणसाने माणसाला सांगून. आणि नेमकी तीच वाट बंद होती.

डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा सायबरपंक २०७७ हा गेम आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका कोसळत होता की सोनीने काही दिवसांतच आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढला आणि पैसे परत केले. जून २०२१ पर्यंत तो तिथे परतला नाही. जानेवारीत कंपनीच्या एका संस्थापकाने व्हिडिओतून माफी मागितली, आणि त्यात म्हटलं की खेळणाऱ्यांना आलेल्या अडचणींपैकी बऱ्याच आमच्या चाचणीत दिसल्या नव्हत्या. मला तेव्हा भूमला येऊन काही महिने झाले होते. टेस्टर म्हणून ते वाक्य मला लागलं. चाचणीत न दिसणं आणि दिसलेलं यादीत मागे सारलं जाणं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि कुठल्याही टेस्टरच्या मनात आधी दुसरीच येते. तरी तिथे निदान कुणीतरी लोकांसमोर आलं. दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. पुण्या-मुंबईच्या युबिसॉफ्ट स्टुडिओंकडे प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइमची नवी आवृत्ती होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची झलक आली, जगभरातून टीका झाली, तारीख पुढे ढकलली गेली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. आपल्या माणसांच्या हातून ते काम गेलं याचं मला वाईट वाटलं. पण खेळणाऱ्यांचा आवाज मोठा असला तर तो पोचतो, हेही त्यातून दिसलं. तीन जीबीचा फोन आणि महिन्याला एखादा छोटा रिचार्ज, एवढ्या बळावरचा आवाज कुठवर जाणार?

दोष नसलेला गेम मी मागत नाही. १९८० च्या पॅकमॅनमध्ये टप्प्याचा आकडा आठ बिटांत मावत नाही, म्हणून २५६ व्या टप्प्यावर उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरतो आणि पुढे जाताच येत नाही. त्या गेमची यंत्रं एकदा विकली की दुरुस्ती नव्हती, आणि तक्रार घेऊन जायची तरी कुठे? आता दुरुस्ती एका रात्रीत जगभर पोचते. शक्य असूनही विचारणाऱ्याला गप्प ठेवणं, हे त्या काळापेक्षा वाईट आहे. संगणकशास्त्रातले डोनाल्ड कनुथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवत. हा आकडा पुन्हा त्याच २५६ वरून आलेला. २००८ नंतर चेकऐवजी ते एका कल्पित बँकेचं प्रमाणपत्र देऊ लागले. बऱ्याच लोकांनी ते चेक वटवण्याऐवजी फ्रेम करून भिंतीवर लावले. रकमेसाठी ते कुणीच जपले नाहीत.

आमच्या पोरांचं काय झालं ते मी रोज पाहत होतो. पहिल्यांदा शाळा सुटली की विचारायला यायची, “दादा, रिप्लाय आला का?” मग आठवड्याने. मग कुणी विचारेना. त्यांनी तोड काढली: ट्रॉली खाली करायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा. दोष टळायचा, पण त्याच वेळी व्यापाऱ्याचा फोन लागला नाही की घरी बोलणी बसायची. बॅटरीची टक्केवारी टिपणारा पोरगा नंतर दुसऱ्या एका गेमची अडचण घेऊन आला. मी वही पुढे केली तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या दादा, डिलीट करून टाकतो.” मला त्या गेमपेक्षा त्याच्या या बोलण्याची जास्त काळजी वाटली. चौदा-पंधरा वर्षांचा, बारकाईने बघणारा, नीट लिहिणारा पोरगा सांगण्यात अर्थ नसतो हे शिकून गेला होता, आणि ते त्याला एका गप्प बसलेल्या ईमेल पत्त्याने शिकवलं होतं.

माझ्या गाळ्यातल्या बाकावर मोठी माणसंही बसलेली असतात. पिकाची नोंद, विम्याचा अर्ज, अनुदान, शिष्यवृत्ती, सगळं आता फोनवर आलं आहे, आणि त्या सगळ्याला शेवटची तारीख असते. ओटीपी येत नाही, फोटो चढत नाही, चक्र फिरत राहतं. ईट गावाकडचे एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले, “मागं तलाठ्याच्या दारात बसून तरी राहता यायचं. ह्यात कुनाच्या दारात बसावं?” मी स्क्रीनशॉट काढून दिला, वेळ लिहून दिली, हेल्पलाइनचा नंबर लावून दिला. पलीकडे संगीत वाजत राहिलं. गेममध्ये सुट्टीची कमाई जाते, इथे हंगामाची जाऊ शकते.

वेगळं घडलं ते एकदाच. एका माणसाने एकट्याने बनवलेला शब्दांचा एक छोटा गेम होता. त्यात खेळाडूचं नाव मराठीत टाकलं की जोडाक्षरं तुटायची, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे लागायची. ज्या पोराचं नाव असं मोडून दिसत होतं तो लाल ट्रॅक्टरवाला. तो चिडला होता, पण लिहायला बसायची त्याची तयारी नव्हती. मी म्हटलं, हे शेवटचं. आम्ही फोटो जोडून लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं, नावासकट. त्या डेव्हलपरने लिहिलं होतं की मी वापरतो त्या इंजिनाला देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, त्यावर माझ्याकडे आत्ता उपाय नाही. वेलांटीची जागा मात्र मी पुढच्या आवृत्तीत नीट करतो, आणि तुमचं नाव आधी तपासतो.

अर्धा नकार होता तो. पोराने ते उत्तर भट्टीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. काही आठवड्यांनी वेलांटी जागेवर आली, जोडाक्षरं तशीच तुटलेली राहिली, आणि त्याबद्दल त्याने पुन्हा कधी तक्रार केली नाही.

ट्रॅक्टरच्या गेमला आम्ही अजून लिहितो, नवी आवृत्ती आली की नव्या नंबरासह. आता ते तो पोरगाच लिहितो. मॉडेल, आवृत्ती, क्रम, कितीतून किती वेळा, सगळं माझ्यापेक्षा नेटकं. शेवटच्या तक्रारीत त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली होती, आणि पाठवण्याआधी मला विचारलं की ही ठेवू का. मी ठेव म्हणालो. दुरुस्त करणार नसाल तर तसं कळवा, म्हणजे आम्ही दुसरा गेम बघू.